रुमालाची गाठ

“मग बाबा, मला आज्ञा कधी?”

मल्हारीने हे तिसऱ्यांदा विचारलं. नऊ वर्षं तो दावलबाबांकडे हाडवैद्यकी शिकत होता. निखळलेला खांदा एका हिसक्यात बसवायचा. या कामात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची खात्रीच झाली होती. आता गावी जाऊन स्वतः रोगी पाहायचे होते.

बाबांनी समोर बोट दाखवलं.

“यमुनाबाईंचा हात वर गेला, की जा.”

यमुनाबाई कोष्टीण, पन्नाशीच्या. दंडाचं मोडलेलं हाड सांधून दोन महिने झाले होते, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. घरचा माग बंद पडला होता आणि खाणारी तोंडं चार. मल्हारी रोज तेल लावून हात ओढी. त्या रोज किंचाळत.

“यांनाच बरं व्हायचं नाही,” मल्हारी म्हणाला.

बाबा उठले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी मल्हारीचे दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधले आणि त्याला चटईवर बसलेल्या बाईंसमोर गुडघ्यांवर बसवलं.

“आता कर त्यांचा हात वर.”

“हातांशिवाय?...”

बाबा आपल्या जागी जाऊन बसले.

मल्हारीने आधी हुकूम सोडला, मग विनवण्या केल्या, मग नुसता बाईंकडे पाहत राहिला. ऊन चढत होतं.

एरवी तो जवळ आला की बाई डोळे घट्ट मिटून घेत. आज ते उघडे होते. त्यांतली भीती त्याला पहिल्यांदाच दिसली. ती दुखण्याची नव्हती, त्याची होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई... फार दुखवलं ना मी?”

“दुखवलंस रे बाबा.”

कपाळावरचा घाम ओघळून त्याच्या डोळ्यात गेला. डोळा चोळायला त्याने हात ओढले. ते कुठले सुटायला!

“थांब, लेकरा.”

बाईंनी पदराचं टोक घेतलं. त्याचा डोळा पुसला, मग कपाळ पुसलं.

उजव्या हाताने.

...बाईंचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं आणि त्यांना रडू फुटलं. मल्हारीलाही आवरेना. आज्ञेचं तो विसरूनच गेला.

बऱ्याच वेळाने त्याने बाबांकडे पाठ केली.

“बाबा, गाठ सोडा.”

“मला काय सांगतोस?” बाबा म्हणाले. “बाईंना विनंती कर. आणि घाई करू नकोस.”