डोंगराची पत्रिका

"रंगमहाल इथंच बांधायचा!" कातळगडाचे राजे रायाजीराव डोंगराच्या पायथ्याशी पाय आपटून म्हणाले.

"म्हाराज, ही जागा नको," मालोबा पाथरवट हात जोडून म्हणाला. "हा डोंगूर दरड टाकतो. मी इथं पाया घालणार न्हाई."

राजाला ‘नाही’ ऐकायची सवयच नव्हती. त्याने राजजोशी अनंतभटांकडे पाहिलं. भटजींनी लगेच पंचांग उघडलं, बोटं मोजली आणि डोळे मिटले. "डोंगराची पत्रिका मी मांडली आहे, महाराज! हजार वर्षं तो जागचा हलणार नाही."

"ऐकलंस?" राजा मालोबावर गरजला. "आठ दिवसांत सिद्ध कर की हा डोंगर पूर्वी कधीतरी पडला होता. साक्षीदार माझ्याहून वयाने मोठा हवा, पण माणूस नको. माणसं फितवता येतात! जमलं नाही, तर साऱ्या पाथरवटांनी माझं राज्य सोडायचं."

मालोबा घरी आला तो भिंतीला टेकून बसूनच राहिला. त्याची मुलगी गोजरा छिन्नीला धार लावत होती. सारं ऐकून ती म्हणाली, "बाबा, साक्षीदार तर हाईत की तिथं! खणती काढा."

मनातून ती घाबरली होती. चाळीस घरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणार कुठे? पण बापापुढे तिने तोंड पाडलं नाही. कुठलंही बांधकाम करायचं तर पाथरवट आधी खड्डा खणून पाहत. जमिनीच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय वर दगड ठेवायचा नाही, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सगळी वस्ती कुदळी घेऊन कामाला लागली.

आठव्या दिवशी राजा लवाजम्यासह आला. सोबत भटजी होतेच, पंचांग काखोटीला मारून.

"कुठे आहे तुमचा साक्षीदार?" राजाने विचारलं.

गोजरा पुढे झाली. महालासाठी जागा साफ करताना राजाच्याच माणसांनी तिथले साग तोडले होते. त्यातला सगळ्यात जाड बुंधा तिने दाखवला. "हा बघा म्हाराज. दर वर्साला एक कडं धरतो. मोजा!"

राजा बुंध्याशी उकिडवा बसून मोजू लागला. तिशीपाशी चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. भरली अठ्ठावन्न! राजा होता पन्नाशीचा.

"मोठा आहे खरा," राजा गुडघे झाडत उठला. "पण हा काय सांगणार?"

"म्हाराज, भाकरींच्या चवडीत पयली भाजलेली भाकर कंची?"

"सगळ्यात खालची! हे शेंबडं पोरही सांगेल."

"मग आता बुंध्याशेजारच्या ह्या खड्ड्यात बघा. हा साग दरडीच्या दगडांवर उगवलाय. म्हंजे दरड त्येच्या आधीची. नदीचे गोटे गुळगुळीत असत्यात. ह्या दगडांच्या धारा बघा, बोट कापंल! हे वरनं कोसळलेत."

"पण सागाच्या किती आधी? शंभर वर्षं? लाख वर्षं?"

"ते दरडीच्या खालचा साक्षीदार सांगंल," गोजरा म्हणाली आणि तिने मशाल खड्ड्यात धरली.

दोन पुरुष उंचीइतकं खोल, दगडांच्या थराखाली, एक नक्षीदार उंबरठा आडवा पडला होता. राजा शिडीने खाली उतरला. त्याने माती पुसली अन् त्याचा चेहराच उतरला. त्याच्या आजोबांचं नाव!

थोरल्या राजांनाही हीच जागा आवडली होती. इथेच त्यांनी महाल बांधला होता, आणि डोंगराने तो गिळला होता. घरात त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. फसलेल्या महालाची फुशारकी कोण मारतो?

"आजोबांच्या महालानंतर, सागाच्या आधी," राजा पुटपुटला. पण हट्ट कुठला सुटतो! वर येताच तो म्हणाला, "ठीक आहे, पडला एकदा. आता दमला असेल! पुन्हा पडणार नाही."

"उंबऱ्याखाली माती हाय, अन् त्या मातीखाली आणखी एक दरड हाय, म्हाराज. त्या वक्ताला बी तो दमला न्हवता!"

"मग पुन्हा कधी पडेल? दिवस सांग!"

मालोबाने डोळे मिटले.

"दिवस मला कसा कळंल? मी पाथरवटाची पोर," गोजरा शांतपणे म्हणाली. "दिवस जोशीबुवांना ठावा. हजार वर्सं भ्या न्हाई म्हणत्यात ना? मग महाल खुशाल बांधा. फकस्त पयला पावसाळा जोशीबुवांनी बायकापोरांसकट इथं ऱ्हावं. आम्ही पाथरवट आजच पाया घालतो!"

राजा वळला. "काय भटजी? कधी येताय राहायला?"

भटजींनी डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. एक खडा घरंगळत त्यांच्या पायाशी आला. तेवढा पुरला! "म-महाराज, पत्रिका पुन्हा मांडावी लागेल... जन्मवेळेत जरा घोळ दिसतो!"

"अहो, डोंगराची जन्मवेळ तुम्हाला सांगितली तरी कोणी?" राजा म्हणाला आणि इतका खदखदून हसला की त्याचं पागोटं खड्ड्यात पडलं. पाथरवटही हसले. मालोबा तर रडता रडता हसला.

राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं गोजराला दिलं. "रंगमहाल पलीकडच्या उघड्या कातळावर बांधायचा. मालोबा, मुकादम तू! आणि पोरी, पाया कुठे घालायचा ते तू दाखवायचंस."

"दावते की! पर म्हाराज, आधी खणती काढीन हां!"