आभाळानं गिळलेला आवाज

"मी का म्हनून आधी बोलू? मोहन्या, तू वायरलेस सेट बंद केलास माझ्या तोंडावर! धाकटा हायस, मालक नाय!"

मोहन्या तिथं नव्हताच. तो बोटीवर, खोल दर्यात. हरबा खारवी टेकडीवरच्या बाबांच्या अंगनात उभा राहून भावाशी भांडत व्हता.

बाबा मठीच्या दारात बसलेले. तरनेपनी जहाजावर वायरलेस सांभाळलेला मानूस.

"काय इचारलंस त्याला?"

"परवा राती इचारलं, आयेच्या वर्षश्राद्धाला येनार का, एवढंच. 'दादा, मी...' म्हनला आनि खरखर! एरवी रातचा खनखनीत आवाज येतो त्याचा."

"मग तू काय म्हनलास?"

हरबा पायानं माती उकरू लागला.

"बोल की. आता का दातखीळ बसली?"

"मेलास तू मला, म्हनलं... बोलायचं बटन दाबून धरलं नि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. मग सेट फळीवर टाकला. तवापासनं लावलाच नाय."

बाबांनी परातीत पानी ओतलं, उन्हात सरकवलं. भिंतीवर गोल कवडसा पडला.

"हा उजेड कुठनं आला?"

"पान्यावरनं."

"सेटवरचा रातचा आवाज पन तसाच. लई वर हवेचा एक थर हाय. त्याला धडकून खाली येतो, म्हनून एवढ्या लांबचं ऐकू येतं."

बाबांनी पान्यात बोट घातलं. कवडशाच्या चिंध्या झाल्या.

"सूर्य फुटला काय रे?"

"नाय. पानी हाललं."

"सूर्यावर वादळ उठलं की त्याचा झोत हितवर येतो. पृथ्वीचं चुंबक हादरतं, रातचा तो थर इस्कटतो. त्या राती माझ्या रेडिओवर पन निसती खरखर व्हती."

हरबा परातीजवळ बसला.

"म्हंजी त्यानं बंद नाय केला..."

त्यानं वर आभाळाकडं बघितलं.

"मग माझं बोलनं? ते पन वरच इस्कटलं असंल ना, बाबा? त्याला गेलं नसंल ना?"

"ठाऊक नाय."

"'दादा, मी...' पुढं काय म्हनत व्हता वो तो?"

"बटन दाबलेलं असताना समोरच्याचं ऐकू येतं?"

"...नाय."

परातीतलं पानी थांबलं. कवडसा परत गोल झाला. हरबा त्याच्याकडं बघत राहिला.

"आता कुठल्या तोंडानं बोलू त्याच्याशी?"

"बोलू नको. आज रातीला सेट लाव, आनि बटन सोडून बस."