पावटे सोलून होईपर्यंत

"पण बसून राहायला वेळ कुठून आणू, बाई?"

बाई मागच्या पायरीवर सूप घेऊन पावटे सोलत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

शाल्मली दारातच उभी होती, सगळा भार उजव्या पायावर टाकून. डाव्या घोट्याला बर्फाची पिशवी, त्यावर इलॅस्टिकचा पट्टा आणि वरून ओढून घेतलेली सलवार. मिरजेत बाईंच्या कथकच्या क्लासमध्ये तिच्या तोडीचं नाचणारं कुणी नव्हतं, आणि हे सगळ्यांच्या आधी तिला ठाऊक होतं. पायातल्या शंभर घुंगरांमधला एकच वाजवून दाखवायची, आणि मग हळूच समोर बघायची, लोकांचे चेहरे कसे झालेत ते.

आज मात्र तिचाच चेहरा पार उतरला होता.

"सकाळी डबे, मग ऑफिस, मग लेकाची शाळा, संध्याकाळी माझा क्लास. तरी सगळ्यात बसवलंय मी. स्कूटरवर बर्फ. ऑफिसात टेबलाखाली बर्फ. मुलींना शिकवताना बर्फ. पोळ्या लाटताना..."

"कळलं."

"तुम्हीच तर सांगितलंत. पाय मुरगळला म्हणून फोन केला, तर म्हणालात, थंड घे. तेव्हापासून घेतेय. एक दिवस चुकवला नाही!"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि रियाज?"

"चालू आहे की." ती जरा ताठ झाली. "बर्फाने पाय बधिर होतो ना, मग दुखत नाही. तेवढ्यात उरकून घेते."

"अगं बये!... इकडे ये. बस आधी."

बाईंनी स्वतः पट्टा सोडला. घोटा टम्म सुजला होता. बर्फ सतत टेकून कातडी लालभडक झाली होती, मधेच एक पांढुरका चट्टा.

बाईंनी बोट टेकवलं. "कळतंय?"

"नाही."

"इथं?"

"...नाही."

"तुझं दुखणं गेलं नाही, शाल्मली. कळणं गेलंय."

शाल्मलीने घाईघाईने सलवार घोट्यावर ओढून घेतली. झाकून टाकणं हुशार माणसांना चांगलं जमतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विश्रांती दिली तर कार्यक्रमापर्यंत उभी राहशील म्हणाले. नाही दिली तर आतलं लिगामेंट तुटेल. मग ऑपरेशन. मग नाच..."



कार्यक्रम म्हणजे बाईंच्या गुरूंची पुण्यतिथी. अजून बराच अवकाश होता. दरवर्षी पहिलं नृत्य बाई स्वतः करायच्या. यंदा पहिल्यांदाच त्यांनी आपली जागा दुसऱ्या कुणाला दिली होती, आणि ती शाल्मलीला. बातमी कळली तेव्हा ती स्वयंपाकघरात दार लावून रडली होती.

"काहीतरी उपाय सांगा, बाई. लवकरचा. माझ्याच्याने बसून राहणं व्हायचं नाही."

बाई उठल्या. बादलीत नळाचं पाणी भरून घेऊन आल्या.

"मी बर्फ आणलाय बरोबर."

"तो राहू दे तुझ्याजवळ. पाय ठेव."

तिने डावा पाय पाण्यात ठेवला. बाई पुन्हा आत गेल्या आणि घुंगरू घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी ते तिच्या उजव्या पायाला बांधायला घेतले. गुरू आपल्या पायाशी बसलेली पाहून शाल्मली कानकोंडी झाली.

"हे काय, बाई? द्या, मी बांधते."

"गप बस. रियाज आहे हा. तू एक घुंगरू वाजवतेस ना?"

"हो."

"आज एकही वाजता कामा नये. सुपातले एवढे पावटे सोलून होईपर्यंत."

"एवढंच?" शाल्मलीला हसूच आलं.

बाईंनी पहिली शेंग उचलली.

छन.

शाल्मलीने दचकून उजव्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो आपला हलत होता. दिवसभर टेबलाखाली हलायचा तसाच. तिला आजवर त्याचा पत्ताच नव्हता, कारण टेबलाखाली त्याला घुंगरू नसायचे.

बाईंनी शेजारच्या भाजीच्या पिशवीतून मूठभर शेंगा काढून सुपात टाकल्या.

शाल्मलीने गुडघा हाताने दाबून धरला. श्वाससुद्धा धरला. पर्समधला फोन घुरघुरला.

छन छन.

आणखी एक मूठ.

"बाई, ऑफिसचा असेल! मुलीसुद्धा येतील आता क्लासला, किल्ली माझ्याकडेच..."

छन. छन. छन.

"आज उसळ सगळ्या गल्लीला पुरणार बघ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीच सुपात उपडी केली.

कथकमध्ये गती सगळ्यांना हवी असते. थांबायला शिकवायला घेतलं की क्लास ओस पडतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्या आपल्या सोलत राहिल्या.

आणि मग शाल्मलीचा बांध फुटला.

"मला भीती वाटतेय, बाई."

बाईंनी पुढची शेंग फोडली.

"तुमच्या क्लासमधली केतकी तयारच बसलीय. तिचा पाय सुरेख पडतो, मला दिसत नाही का? मी थांबले की ती उभी राहणार. घरी तसंच, ऑफिसात तसंच. एकदा थांबले ना, की माझ्यावाचून सगळं नीट चालतं हे सगळ्यांना कळेल... मग मी कोण?"

ती रडत होती. हुंदक्यागणिक घुंगरू वाजत होते. पिशवी रिकामी होती, आणि बाईंनी आवाज मोजणंच सोडलं होतं.

"मी थंड घे म्हटलं होतं."

"घेतेय की, बाई! आणखी किती घेऊ?"

"ते पायाला नव्हतं म्हटलं."

शाल्मली त्यांच्याकडे बघतच राहिली. नाक लाल, डोळे भरलेले. मग तिला काय झालं कोण जाणे, एकदम फिस्सकन हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. बाईंनी पदराचं टोक पुढे केलं. तिने त्याला नाक पुसलं. एरवी बाईंनी तेवढ्यासाठी क्लासबाहेर काढलं असतं.

मग बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आवाज.

"बाई..."

"हं."

"दुखतंय. आता दुखतंय हो पाय."

"बरं झालं."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बाईंना फोनवर ऐकायला कमी यायचं, त्यामुळे स्पीकर कायम चालू. कार्यक्रमाचे संयोजक कुपवाडकर होते आणि भलतेच घाईत होते.

"बाई, कार्ड आत्ता छापायला जातंय. शाल्मलीच्या पायाचं कानावर आलंय माझ्या. पहिलं नाव तिचंच ठेवू, की केतकीचं टाकू? तिथंच असेल तर तिलाच द्या फोन, मी विचारतो!"

शाल्मलीच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मी बरी आहे, मी नाचते, मी आत्ता उभी राहते.

बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. उजव्या पायाकडे बघत होत्या.

बादलीतलं पाणी हललं नाही.

घुंगरू वाजले नाहीत.

"तिला आत्ता बोलता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "रियाजाला बसलीय."

"रियाज? अहो, पाय सुजलाय ना तिचा?"

"म्हणूनच. चांगला चाललाय. नाव तिचंच राहू दे."

"अहो पण बाई, ऐनवेळी काही झालं तर... कार्ड एकदा छापलं की... मला आत्ताच्या आत्ता..."

बाईंनी सुपातली शेवटची शेंग उचलली.

"कुपवाडकर... जरा थंड घ्या."