अर्ध्या भाकरीची खिंड

खिंडीत या तीन-तीन दगडांच्या चुली दिसतात ना, त्यांना पाय लावू नका. फिरायला आलेली मंडळी त्यांवर चहाचे आधण ठेवायला बघतात, म्हणून आधीच सांगतो. या चुली येसबाच्या.

येसबा म्हणजे खालच्या आंबेवण्यातल्या धोंडाईचा एकुलता एक मुलगा. गडावर शिपाई होता. एका भाद्रपदात गडाची शिबंदी मोहिमेवर गेलेली असताना परमुलखाची फौज घाटाखाली आली, असे सांगतात. गाव नदीपार न्यायचे तर नाव एकच, आणि नदी दुथडी भरलेली. खिंड राखायला येसबा एकटा.

त्या काळी शिपाई चौघे-पाच जण मिळून एक चूल मांडत, आणि शत्रू धुरावरून माणसांचा अंदाज बांधी. येसबाने खिंडभर चुली मांडल्या. लाकडे ओली होती, पण त्याला कुठे जाळ हवा होता? खालची फौज धूर बघून थबकली म्हणे.

निघताना धोंडाई भाकरी घेऊन वर आली. येसबा म्हणाला, “आये, तू हो म्होरं. शेवटची नाव सुटली की म्या येतोच. भाकर मंग दोघं मिळून खाऊ.”

आईला काय कळायचे ते कळले. नदीकाठी प्रत्येक खेपेला ती म्हणे, “आधी लेकुरवाळ्या जाऊ द्या,” आणि धुराकडे बघत बसे. दिवस कलला तसे धूर विझत गेले आणि एकच उरला. धोंडाई शेवटच्या नावेत बसली. नाव पैलतीराला लागेपर्यंत तो धूर होता. मग तोही विझला.

फौज निघून गेल्यावर धोंडाई आधी खिंडीत आली. येसबा शेवटच्या चुलीपाशी पडला होता. चुलीतल्या राखेत भाल्याचे नुसते पाते होते. सरपण संपल्यावर त्याने भाल्याची काठी चुलीत घातली होती. शत्रू दारात असताना शिपायाने हातचे हत्यार जाळायचे, ही काही साधी गोष्ट नाही.

धोंडाई ऊर फुटेस्तोवर रडली. “एवढ्या चुली मांडल्यास,” ती म्हणाली, “आन् एकीवर बी भाकर न्हाई रं, लेकरा.” मग तिने तीच चूल पेटवली, पदरात बांधून आणलेल्या पिठाची भाकरी केली, अर्धी त्याच्यापाशी ठेवली आणि अर्धी रडत रडत खाल्ली. शब्द दिला होता ना त्याने.

आता आंबेवण्यात घरोघरी गॅस आहे. पण आजही सर्वपित्री अमावास्येला गावातल्या आया पीठ घेऊन वर येतात, या चुली पेटवतात आणि अर्धी भाकरी चुलीपाशी ठेवूनच खिंड उतरतात.