वाक्यात उपयोग

धारपुरीचे राजे रणमर्दन ऐंशीच्या पुढे गेले होते. युवराजांची दाढीसुद्धा पांढरी झाली, पण त्यांच्या राजतिलकाचा मुहूर्त काही निघत नव्हता. एक दिवस राजांच्या कानावर आलं की बाजारात लोक ‘सत्तापिपासू’ असा काहीतरी शब्द वापरतात. त्यांनी पाठशाळेच्या भानुशास्त्र्यांना दरबारात बोलावलं.

“शास्त्रीबुवा, या शब्दाचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करून दाखवा. पण कुणाचं नाव घेतलंत, तर जीभ छाटली जाईल.”

“जशी आज्ञा,” शास्त्री म्हणाले. “फक्त आमच्या पाठशाळेची एक रीत आहे, सरकार. शिकवणारा वर बसतो, शिकणारा खाली. तेव्हा घटकाभर या सतरंजीवर बसावं.”

राजांनी सिंहासन दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “घटकाभर? अहो, मेल्याशिवाय मी इथून उठणार नाही!”

“हा झाला अर्थ,” शास्त्री शांतपणे म्हणाले.

राजे लालबुंद झाले. “कोण आहे रे तिकडे? या म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता कोठडीत टाका!”

“आणि हा वाक्यात उपयोग. नाव मात्र मी कुणाचंच घेतलेलं नाही, सरकार.”