बसलेली तुळई

“पण आबा, जॅक नवा, खांब सागाचा… मग तुळई चिरलीच कशी?”

भार्गव अंगणातूनच विचारत आला. पडवीत पाटावर धाकूमेस्त्री बसले होते. भार्गवला सुतारकाम शिकवताना हातात पहिला रंधा देणारे आबा ते हेच. आता नजर अधू झालेली, गुडघे तर पार कामातून गेलेले.

“कोणाची तुळई?”

“आनशीताईची.”



आनशी भार्गवची थोरली बहीण. नवरा गेलेला, त्यात लेक दोन पोरं घेऊन माहेरी परतलेली. घरात पाय ठेवायला जागा नाही. भावाने मोठ्या तोंडाने सांगून टाकलं, ताई, गणपतीआधी वर माडी चढवून देतो! माडीचा भार पेलायचा तर खालची लाकडं आधी बळकट हवीत. जुनी तुळई मधोमध चार बोटं खाली बसलेली. ती खालून जॅक लावून उचलायची, सरळ करायची, खाली नवा खांब द्यायचा. भार्गवच्या मते एवढंच काम.

“किती दिवसांत उचललीस?”

“दिवस कसले? एका दुपारीत!” घ्या, एवढं होऊनही गड्याची छाती फुगलीच.

“ताई काय म्हणाली?”

भार्गवचा आवाज खाली आला. “म्हणाली… माडी नको रे बाबा. आहे ते छप्पर तेवढं डोक्यावर राहू दे.”

आबांनी हात पुढे केला. “मला जरा उठव.”

भार्गवने मनगट धरून हिसक्यासरशी ओढलं.

“आई गं!” म्हातारा कळवळून परत पाटावर बसला.

भार्गवने झटकन मनगट सोडलं. “चुकलो, आबा…”

“पुन्हा उठव.”

या खेपेला तो खाली वाकला. काखेत अलगद हात घातला.

“थांब… कंबर जागी होऊ दे.”

तो थांबला.

“हं, जरासं… थांब.”

तो परत थांबला. आबांचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. किती हलके झालेत हे, असं मनात आलं आणि त्याचे डोळे भरले.

बऱ्याच वेळाने आबा उभे राहिले. पुरते सरळ नाहीत, पण उभे.

“चिरेवर लोखंडी पट्टा आवळ, मग पुन्हा जॅक लाव,” ते म्हणाले. “आणि ताईला सांग, माडी होईल.”

“कधीपर्यंत सांगू, आबा?”

“तुळईला विचार. माझ्याच वयाची आहे ती.”