नातवाचा कॅमेरा

कराडच्या फोटोग्राफरांत वनारसेशेठचा असा दरारा, की त्यांच्या शब्दापुढे कुणी ब्र काढायचं नाही. नवा स्टुडिओ टाकणारी शर्मिला कोकरे त्यांच्याकडे जुना डिजिटल कॅमेरा बघायला आली, तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"घरचा आहे. नातवाच्या वाढदिवसांपलीकडे वापरलाच नाही," शेठ म्हणाले.

शर्मिला कॅमेरा उजेडात धरून निरखू लागली, तसे ते हसले. "बाई, ही काय वांगी निवडताय? मी सांगतोय ना? मुकाट्यानं घेऊन जा."

मुकाट्यानं घेणाऱ्यांतली ती नव्हतीच. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेचा काळा रंग घासून घासून आतला धातू उघडा पडला होता. तिनं केसांतली पिन काढली, बटणांच्या फटीतून फिरवली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. टोकाला पिवळीधमक पूड लागली होती.

"शेठ, नातू केवढा आहे?"

"चार वर्षांचा. का?"

"मग एवढ्यात त्याला हळद किती वेळा लागली?"

दुकानात हशा पिकला. शेठ घाम पुसू लागले.

"आता लग्नांत झिजलेल्या कॅमेऱ्याचा भाव सांगा," शर्मिला म्हणाली. "नाहीतर राहू द्या. नातवाच्या पुढच्या लग्नाला लागेल!"